ब्राँझचा घोडा दोन पायांवर उभा राहतो कसा?

व्हॉट्सॲपवर एक निरोप दर काही महिन्यांनी फिरून येतो. अश्वारूढ पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वाराला रणांगणावर वीरमरण आलं, एकच पाय उचललेला असेल तर तो लढाईतल्या जखमांनी गेला, आणि चारही पाय जमिनीवर असतील तर त्याला नैसर्गिक मृत्यू आला. सोबत राणी लक्ष्मीबाईंच्या पुतळ्याचा फोटो आणि खाली ‘मुलांना जरूर सांगा’ असा आग्रह.

मुलांना सांगण्याआधी चार नावं तपासून बघू. माद्रिदमध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप, सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाचा पीटर द ग्रेट, त्याच शहरात झार पहिला निकोलस आणि वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन. चौघांचेही घोडे मागच्या पायांवर उभे आहेत आणि चौघेही आजारपणाने गेले. फिलिपच्या बाबतीत तर पुतळा १६४० साली तयार झाला आणि राजा वारला १६६५ साली. शिल्पकाराने पंचवीस वर्षं आधी कुंडली मांडून घोड्याचे पाय ठरवले होते की काय? आपल्याकडे शिवाजी महाराजांचं निधन १६८० साली रायगडावर आजारपणाने झालं, आणि पुढचे दोन्ही पाय उचललेल्या घोड्यावरचे महाराज महाराष्ट्रात हवे तितके सापडतील.

मग पाय किती वर जाणार हे ठरतं कशावरून? शिल्पकाराला काय दाखवायचंय हा एक भाग झाला. पण त्याहून मोठा प्रश्न हा, की त्याला काय पेलणार आहे. घोड्याचा पुतळा हा कलेचा विषय तर आहेच, पण त्याआधी तो वजनाचा हिशेब आहे. हा हिशेब जमवायला युरोपातल्या नामवंत शिल्पकारांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

जिवंत घोडा घ्या. वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो. मान आणि डोकं पुढे काढलेलं असल्यामुळे त्यातला जवळजवळ ६० टक्के भार पुढच्या पायांवर पडतो. म्हणजे मागच्या पायांवर उभं राहणं हे त्याच्या अंगरचनेच्या विरुद्धच. तरी तो उभा राहतो, कारण त्या वेळी तो मागचे पाय पोटाखाली ओढून घेतो आणि तोल गेला असं वाटलं की पाय हलवून सावरतो. सगळा मिळून काही क्षणांचा मामला. पुतळ्याला पाय हलवायची सोय नाही, आणि त्याने दोनशे वर्षं तसंच उभं राहावं अशी अपेक्षा असते.

आता गुरुत्वमध्य. वस्तूच्या सगळ्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. त्या बिंदूतून खाली ओळंबा सोडला तर तो टेकूंच्या मधल्या जागेत पडायला हवा, नाहीतर वस्तू कलंडते. चार पाय टेकले की मध्ये ऐसपैस चौकोन मिळतो. एक पाय उचलला तरी त्रिकोण उरतो, तेवढ्यात काम भागतं. दोन्ही पुढचे पाय उचलले की मात्र उरते मागच्या दोन खुरांमधली एक अरुंद पट्टी. ओळंबा तिच्या पुढे गेला की घोडा तोंडावर आणि मागे गेला की स्वार पाठीवर.

बरं, ओळंबा नेमका पट्टीत पाडला तरी भागत नाही. भरलेली बादली अंगाजवळ धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा. पाणी तेवढंच, पण खांद्याला कळ लागते. घोड्याची लांब मान, वर उचललेले पाय, स्वार आणि त्याची उगारलेली तलवार हे सगळं असंच लांब धरलेलं ओझं असतं. त्यात वारा भर घालतो. आणि हा सगळा ताण येऊन पोचतो कुठे, तर मागच्या पायात खुराच्या वर जी बारीक जागा असते तिथे. अख्ख्या पुतळ्यातली सर्वांत किडकिडीत जागा, आणि सर्वांत जास्त भार तिच्यावर.

संगमरवरात हे जवळपास अशक्यच. दगड दाब उत्तम सोसतो, पण ओढ किंवा वाक सोसत नाही, तडकतो. म्हणून संगमरवरी घोड्यांच्या पोटाखाली बहुतेक वेळा झाडाचा बुंधा किंवा खडक दिसतो. शिल्पकाराला झाडांची आवड असते असं नाही, तो टेकू असतो. व्हॅटिकनमध्ये बर्निनीने घडवलेला सम्राट कॉन्स्टंटाइन आहे, १६७० सालचा. घोडा झकास उसळलेला आहे आणि संगमरवरातच आहे. पण तो मोकळा उभा नाही, भिंतीला लागून आहे, आणि मागे एक प्रचंड लहरता पडदा केलेला आहे. बघणारा पडद्याकडे बघून थक्क होतो आणि भिंत विसरतो. बर्निनीला नाटकाचं अंग होतंच.

मोकळा घोडा हवा तर ब्राँझ. तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू दगडापेक्षा तिपटीहून जड. पण तो ओढ सोसतो आणि, मुख्य म्हणजे, पोकळ ओतता येतो. मोठ्या पुतळ्यात धातूचा पत्रा काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर जाडीचा असतो आणि आत नुसती पोकळी. माद्रिदच्या प्लाझा मायोरमध्ये तिसऱ्या फिलिपचा असाच एक घोडा आहे. त्याचं तोंड उघडं होतं. १९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा लोकांनी त्या तोंडातून स्फोटकं टाकून पोट फोडलं, तर आतून चिमण्यांची हाडं बाहेर पडली. तीनशे वर्षं चिमण्या तोंडातून आत शिरत होत्या आणि परतीची वाट न सापडून तिथेच मरत होत्या. दुरुस्ती करताना घोड्याचं तोंड बंद करण्यात आलं.

पोकळ ओतायचं कसं, हे जरा सावकाश बघू, कारण घोळ इथेच होतात. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचा घोडा करतात. त्यावरून साचा घेतात. साच्याच्या आतल्या अंगाला मेणाचा थर देतात. हा थर जेवढा जाड, तेवढा उद्याचा धातू जाड. मेणाच्या आत माती आणि विटांचा चुरा वगैरेंचा गाभा भरतात. गाभा जागचा हलू नये म्हणून साच्यातून आरपार धातूच्या खिळी ठोकतात. धातू आत जायच्या वाटा आणि हवा बाहेर पडायच्या वाटा याही मेणाच्याच काड्यांनी आखून ठेवतात. मग सगळं खड्ड्यात पुरून भट्टी लावायची. मेण वितळून वाहून जातं आणि साचा व गाभा यांच्यामध्ये पोकळ फट उरते. तिच्यात साधारण ११०० अंश सेल्सियसला वितळलेलं ब्राँझ ओततात. चोळांच्या काळातले नटराज याच मेणाच्या पद्धतीने ओतले गेलेत, पण ते भरीव. दोन-तीन हात उंचीच्या मूर्तीला भरीव चालतं. दोन पुरुष उंचीचा घोडा भरीव ओतला तर धातू परवडणार नाही, आणि तो इतका हळूहळू निवेल की निवता निवताच तडकेल.

धातू सगळीकडे पोचायच्या आत थिजला, हवा कोंडली, साच्यात थोडी ओल राहिली, यातलं काहीही एक झालं तरी कित्येक महिन्यांचं काम वाया. म्हणून दोन पायांवरच्या घोड्याला हात घालण्याआधी लोकांनी तीन पायांवरच समाधान मानलं.

रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसचा घोडा आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. पुढचा उजवा पाय उचलून तो संथ चालीने चाललाय. रोमन काळातल्या मोठ्या ब्राँझ घोड्यांपैकी बहुतेक सगळे पुढच्या शतकांत वितळवले गेले. हा वाचला, कारण मध्ययुगात लोकांनी त्याच्यावरच्या स्वाराला कॉन्स्टंटाइन, म्हणजे ख्रिस्ती झालेला पहिला सम्राट, समजलं. (ओळख चुकल्यामुळे जीव वाचल्याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.) पुढे इटलीतल्या शिल्पकारांनी याच घोड्याकडे बघून धडे गिरवले. दोनातेल्लोने पाडुआमध्ये गात्तामेलाता या सेनापतीचा घोडा केला, १४५३ सालचा. त्याचा उचललेला पाय पाहिला तर खुराखाली एक गोळा आहे. त्यात जगावर सत्ता वगैरे अर्थ शोधता येतो, पण तो चौथा टेकूही आहे. नंतर वेरोक्क्योने व्हेनिसमध्ये कोल्लेओनीचा घोडा करताना तो गोळा काढून टाकला. तीन पाय जमिनीवर आणि चौथा खरोखर हवेत. वेरोक्क्यो १४८८ साली वारला तेव्हा ओतकाम व्हायचं होतं. दुसऱ्याने ते पूर्ण केलं आणि १४९६ साली पुतळा उभा राहिला. हे दोन्ही सेनापती, आणि मार्कस ऑरेलियसही, लढाईत पडलेले नाहीत.

याच वेरोक्क्योचा एक शिष्य लिओनार्दो दा विंची. मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला आपल्या वडिलांचा अश्वारूढ पुतळा हवा होता. लिओनार्दोने आधी रेखाटनांत घोडा दोन पायांवर उभा केला आणि पुढच्या खुरांखाली एक पडलेला शत्रू दाखवला. हा शत्रू बिचारा दुहेरी कामाचा, कारण हात वर करून तो घोड्याला आधारही देणार होता. पुढे बेत बदलला. घोडा चालता करायचं ठरलं, पण आकार वाढला, सात मीटरच्या पुढे. १४९३ साली मातीचा नमुना लोकांना पाहायला ठेवला आणि सगळं मिलान बघायला लोटलं. धातू लागणार होता सुमारे सत्तर टन.

लिओनार्दोला तो घोडा एका दमात, एकसंध ओतायचा होता. आधी त्याने घोडा खड्ड्यात उलटा, पाय वर करून ओतायचा विचार केला. पण एवढा खोल खड्डा खणला तर मिलानमध्ये तळाला पाणी लागणार, आणि ओल म्हणजे स्फोट. तेव्हा डिसेंबर १४९३ मध्ये त्याने वहीत टिपून ठेवलं की घोडा आडवा, कुशीवर झोपवून आणि शेपटीशिवाय ओतायचा. पाय आणि टेकू यांचा हिशेब करता करता तो खड्ड्यातल्या पाण्याचाही हिशेब करत होता. लिओनार्दोची चित्रं सगळे वाखाणतात. मला त्याची ही शेपटीची नोंद जास्त आवडते.

पण ओतकाम झालंच नाही. १४९४ साली फ्रेंच फौजा इटलीत शिरल्या आणि ठेवलेला धातू तोफांसाठी फेराराला गेला. १४९९ साली फ्रेंचांनी मिलान घेतलं तेव्हा तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला. त्या नोंदवह्या माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होत्या, त्या सापडल्या १९६० च्या दशकात.

दोन पायांवरचा मोठा ब्राँझ घोडा प्रत्यक्षात उभा राहिला तो माद्रिदचा, चौथ्या फिलिपचा. शिल्पकार फ्लॉरेन्सचा पिएत्रो ताक्का. राजाला घोडा उसळलेलाच हवा होता, आणि नमुन्यासाठी स्पेनहून वेलास्केझच्या हातची चित्रं पाठवण्यात आली. चित्रात घोडा उभा करायला काही लागत नाही, कॅनव्हासवर गुरुत्वाकर्षण नसतं. ताक्काने सल्ला घेतला गॅलिलिओचा, असं सांगितलं जातं. उपाय ऐकायला सोपा आहे: मागचा भाग भरीव ठेव, पुढचा पोकळ आणि पातळ. असं केलं की गुरुत्वमध्य सरकत सरकत मागच्या खुरांवर येतो. शिवाय शेपटी खाली जमिनीपर्यंत आणून टेकवली. बघताना ती शेपटीच वाटते, पण तो तिसरा पाय आहे. दोन खूर आणि एक शेपटी, झाला त्रिकोण.

हीच युक्ती फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराने सेंट पीटर्सबर्गमध्ये आणखी सफाईने वापरली. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेटने त्याला पॅरिसहून बोलावलं होतं, पीटर द ग्रेटचा पुतळा करायला. फाल्कोनेने मातीचा चढ बांधून घेतला. त्यावरून स्वार घोडा दौडवत आणायचे आणि कड्यावर त्याला मागच्या पायांवर उभा करायचे. तो क्षण परत परत पाहून फाल्कोने रेखाटनं करायचा. प्रत्यक्ष पुतळ्यात घोड्याच्या मागच्या पायांखाली एक साप चिरडलेला दाखवलाय. साप म्हणजे राजाचे शत्रू, असा अर्थ सगळ्यांना पटण्यासारखा. पण सापाचं वेटोळं शेपटीला जाऊन भिडतं आणि तिसरा टेकू मिळतो. पुढचा पत्रा पातळ, मागचा जाड आणि मागच्या पायांच्या आत लोखंड.

चौथऱ्यासाठी सुमारे १,२५० टनांचा एक अखंड ग्रॅनाइटचा खडक आणला गेला. हिवाळ्यात जमीन गोठल्यावर तो खोबणीतल्या ब्राँझच्या गोळ्यांवरून सरकवत समुद्रापर्यंत नेला. त्याला चारशे माणसं लागली. एवढं निभावलं आणि घात ओतकामात झाला. १७७५ साली धातू ओतत असताना साचा फुटला, वितळलेलं ब्राँझ बाहेर वाहिलं, आग लागली आणि सगळे पळाले. खैलोव नावाचा एक ओतारी तेवढा जागेवर थांबला, आणि त्याच्यामुळे खालचा भाग वाचला. वरचा भाग १७७७ साली पुन्हा ओतावा लागला. फाल्कोने दरबाराशी खटके उडून १७७८ साली निघून गेला. १७८२ साली पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा तो तिथे नव्हता.

शेपटीचाही आधार न घेता, निव्वळ दोन खुरांवर घोडा उभा केला तो अमेरिकेतल्या क्लार्क मिल्स या माणसाने. हा मुळात प्लॅस्टरचं काम करणारा, कुठल्याही कलाशाळेत न गेलेला. अश्वारूढ पुतळ्याचं काम मिळालं तोवर त्याने तसा पुतळा डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. मिल्सने एक घोडा दोन पायांवर उभा राहायला शिकवला, त्याच्याकडे बघून नमुना केला, भट्टी स्वतः उभारली, काही ओतकामं फसल्यावर शेवटी जमवलं. १८५३ साली व्हाइट हाउससमोर जॅक्सनचा पुतळा उभा राहिला. घोडा म्हणून तो काही फार देखणा नाही, थोडा लाकडी वाटतो. पण तोल पक्का आहे. १८५९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये क्लोट या शिल्पकाराने निकोलसचा घोडा असाच दोन खुरांवर उभा केला, आणि तो मात्र डौलातही सरस आहे.

मग व्हॉट्सॲपचा नियम आला कुठून? अमेरिकेत गेटिसबर्गला १८६३ साली मोठी लढाई झाली, तिथल्या मैदानावर सेनापतींचे अश्वारूढ पुतळे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पुतळ्यांना हा नियम योगायोगाने लागू पडतो. तेवढ्यावरून तो जगभर पसरला. तिथेही १९९८ साली लाँगस्ट्रीट या सेनापतीचा पुतळा बसला आणि त्याच्या घोड्याने एक पाय उचललेला आहे. लाँगस्ट्रीट त्या लढाईत जखमी झालेला नव्हता.

मुंबईकरांना तर एवढ्या लांब जायची गरज नाही. ज्याच्यावरून तिथल्या एका भागाला काळा घोडा हे नाव पडलं तो पुतळा पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा. घडवला बोहमने, पैसे दिले अल्बर्ट ससून यांनी आणि बसवला १८७९ साली. युवराज त्या वेळी ठणठणीत होता आणि पुढे १९१० पर्यंत जगला. १९६५ साली पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. २०१७ साली त्या जागी नवा काळा घोडा आला, तो स्वाराशिवायच. कोण कसा मेला हा प्रश्नच मिटला.

आपल्याकडचं या कामातलं मोठं नाव म्हणजे अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक करमरकर. लहान वयात गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कुलाब्याचे कलेक्टर रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ सालचा. तो बघायला गेलात तर एकदा मुद्दाम खाली वाकून खुराच्या वरची जागा, पोटाखालचा भाग आणि शेपटीचं टोक बघा. शिल्पकाराने भार कुठून कुठे नेला ते तिथे कळतं. सासवण्याला त्यांच्या घरीच संग्रहालय आहे, तिथे त्यांची इतर शिल्पं जवळून पाहता येतात.

आज हे सगळं पुष्कळ सोपं झालंय. घोडा तुकड्यातुकड्यांत ओततात आणि जोडतात. पोटात पोलादी सांगाडा असतो, तो मागच्या पायांमधून खाली उतरून चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल रोवलेला असतो. ओळंबा खुरांमध्ये पडला नाही तरी सांगाडा ओढून धरतो. त्यामुळे आता कुठलाही घोडा कसाही उधळवता येतो, आणि उगाच उधळलेले घोडे चौकाचौकांत दिसतात, ते यामुळेच.

मात्र साधं लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये ओल शिरली की लोखंड भराभर गंजतं. फुगलेला गंज ब्राँझला आतून तडे देतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून सांगाडा गंज न धरणाऱ्या पोलादाचा करतात, दोन धातूंमध्ये अस्तर घालतात, आणि घोड्याच्या पोटाखाली किंवा खुरापाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवतात. सांध्यांतून झिरपलेलं पावसाचं पाणी तिथून निथळतं. कोकणासारख्या हवेत तर हे भोक दर पावसाळ्याआधी तारेने मोकळं करायला हवं. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळ्याला रंग मारताना ते बुजलं, तर पाणी आतच साठतं आणि मागच्या पायांत उतरतं, जिथे सगळा भार असतो.